ठमीचं वजन

अर्धे कपडे दोरीवर, अर्धे बादलीत, अशा अवस्थेत ठोक्या अंगण सोडून निघून गेला. चादर पिळता पिळता त्याला ठमीच्या दारांच्या काचा आठवल्या होत्या. काच जड, पारदर्शक प्लॅस्टिक हलकं. एवढी साधी गोष्ट आपल्याला आजवर सुचू नये, याचाच त्याला राग आला होता.

"अहो, बादलीतले कपडे काय देव येऊन वाळत घालणार आहे?" बायकोने खिडकीतून विचारलं. बाई देवधर्माची होती, देवाला असल्या फुटकळ कामांना कधी जुंपत नसे. पण नवऱ्याने तिच्यावर तीही वेळ आणली होती.

ठोक्या हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. लोकांच्या गाड्यांचे पोचे ठोकून काढता काढता ते चिकटलं, आणि मग सासुरवाडीतही तेच चाललं. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या सरळ केल्या. स्वतःची म्हणून एकच, ती ठमी. बुटकी, गोलमटोल, त्याच्या लग्नाच्याही आधीची. गावाबाहेरच्या चढावर दर वर्षी गाड्यांची शर्यत होते, तिच्यात एकदा तरी ठमी पळवायची, हे त्याने कितीतरी वर्षं मनात धरून ठेवलं होतं. दर वर्षी काहीतरी आडवं यायचं. या वर्षी मात्र संयोजकांनी सांगून टाकलं की जुन्या छोट्या गाड्यांचा गट पुढच्या वर्षापासून बंद, माणसंच येत नाहीत. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

ठमीचं इंजिन म्हणजे चिमणीचं काळीज. ते वाढवायचं नाही असा नियम. मग चढावर पळायचं तर अंगावरचं ओझं उतरवायचं, दुसरा मार्ग नाही. मात्र त्यालाही मर्यादा होती. गाडी ठरलेल्या वजनाच्या खाली गेली तर बाद. ठोक्याला नेमकं त्या आकड्यावर येऊन थांबायचं होतं.

मागची सीट गेली. हीटर गेला. आवाज दाबायला तळाला थापलेलं डांबर त्याने गुडघ्यांवर बसून, गरम करून करून खरवडलं; बोटं इतकी काळी झाली की बायकोने आठवडाभर त्याला कणकेला हात लावू दिला नाही. प्रत्येक वेळी तो ठमीला भंगाराच्या गोदामातल्या काट्यावर न्यायचा. तिथे मालट्रक मोजतात. काटेवाला खिडकीतून आकडा ओरडायचा आणि ठोक्याचा चेहरा उतरायचा. डांबर काढलं तेव्हाही तोच आकडा, आतलं अस्तर फाडलं तेव्हाही तोच.

आता काचा बदलून तो पुन्हा गेला. पुन्हा तोच आकडा.

"गाडीला हवापाणी मानवलेलं दिसतंय," काटेवाला म्हणाला.

ठोक्याला हसू आलं नाही. घरी येऊन त्याने ड्रिल काढलं. दारांच्या आतल्या पत्र्याला भोकं, डॅशबोर्डाच्या पट्टीला भोकं, आणि शेवटी तळाच्या पत्र्यालाही भोकं. आई ओसरीत बसून बघत होती. ती म्हणाली, "अरे, गाडी आहे तशीच आहे, तूच बारीक झालायस." जेवताना त्याचा घास हातातच राहतो हे बायकोने पाहिलं होतं, आणि संध्याकाळी हात जोडताना आकडा एकदाचा हलू दे, एवढंच तिने मागितलं. गाडीसाठी देवापाशी मागणं तिला जरा ओशाळवाणं वाटलं, पण मागितलं.

आकडा हलला. ठोक्याने वाटेतच गाडी थांबवून तिला फोन केला. नेमकं हवं तेवढंच वजन भरलं होतं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी तपासणी होती. बायकोही बरोबर गेली. तपासनिसांनी चार चाकांखाली चार चपटे काटे सरकवले, आकडे जोडले, पुन्हा जोडले, आणि ठोक्याकडे पाहिलं.

"कमी भरतेय. बरीच कमी. तुम्ही कुठे मोजली होती?"

ठोक्याने सांगितलं. तपासनीस हसले नाहीत, हेच त्याला जास्त लागलं. ट्रकचा काटा वीस-वीस किलोंच्या उड्या मारतो, असं त्यांनी समजावलं. मधलं त्याला दिसतच नाही, आणि एवढ्याशा गाडीला तो धड खरंही बोलत नाही. महिनाभर ठमी हलकी होतच होती, फक्त काट्याला पत्ता नव्हता.

"मग तो मेला काटेवाला बोलला का नाही?" बायको म्हणाली.

"मी विचारलं कुठे," ठोक्या म्हणाला. ट्रकवाल्यांना वीस किलो म्हणजे चिल्लर. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, इथे एक माणूस चमच्या-चमच्याने वजन उतरवतोय.

उपाय सोपा होता. वजन पुन्हा चढवायचं. लोखंड टाका, तपासनीस म्हणाले, पण तळाला बोल्टने पक्कं आवळलेलं हवं, सुटं चालणार नाही. उद्या सकाळी पहिली गाडी सुटायच्या आत पुन्हा दाखवा. ठोक्याने दार उघडून तळाकडे पाहिलं. चाळणीतून दिसावी तशी खालची माती दिसत होती. या पत्र्यात बोल्ट धरणार कुठे? आधी स्वतःच पाडलेली भोकं झाकायला पत्रा जोडायचा, मग त्यावर लोखंड. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्याने दार आपटलं. हलकं झालेलं दार धड आपटलंही नाही, नुसतं थरथरलं, तेव्हा त्याने चाकाला लाथ घातली आणि अंगठा धरून खाली बसला.

"झालं?" बायकोने विचारलं. "की अजून एक?"

"काढताना किती मन लावून काढलं गं," तो म्हणाला. "आता तेच परत लावायचं."

"लावायचं तर लावायचं. मी वेल्डिंगला बॅटरी धरीन. पण आधी उठा, लोक बघतायत."

तो उठला. जाड पत्रा, लोखंडाची पट्टी आणि लांब बोल्ट आणायला त्याला बाजारातल्या लोखंडवाल्याकडे जायचं होतं, आणि तो दुकान लवकर बंद करतो.