केळुसकर सर एकटे का गेले

श्री. विश्राम केळुसकर सरांची आणि माझी पहिली भेट होडीत झाली. आरोंद्याजवळच्या आमच्या शाळेत गणिताचा शिक्षक म्हणून मी रुजू व्हायला निघालो होतो. माझं गाव फोंडाघाट. डोंगराच्या पायथ्याशी वाढलेल्या मला खाडीची सवय नव्हती, त्यामुळे होडी हलली की मी फळी घट्ट धरत होतो. समोर एक उंच, सडपातळ गृहस्थ एका हाताने आपली सायकल सावरत उभे होते. त्यांनी दुसरा हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाले, "पाण्याकडे बघू नका, पलीकडच्या माडांकडे बघा." भूगोलाचे केळुसकर सर ते हेच, हे शाळेत पोहोचल्यावर कळलं.

सरांचा फळ्यावरचा नकाशा पाहिलेली मुलं आज पन्नाशीला आली, तरी त्याबद्दल बोलतात. तेरेखोलच्या खाडीपासून डहाणूपर्यंतचा किनारा ते खडू न उचलता काढत. प्रत्येक खाडी, प्रत्येक भूशीर आपापल्या जागी. पण त्यांचं स्वतःचं समाधान होत नसे. "परब, मी न बघितलेला किनारा पोरांना शिकवतो. ही फसवणूकच," असं ते अनेकदा म्हणत. त्यातूनच किनाऱ्याकिनाऱ्याने सायकलवरून जायची कल्पना निघाली. जिथे पूल नाही तिथे सायकल होडीत घालायची, भेटेल त्या गावात मुक्काम करायचा आणि सगळा किनारा डोळ्यांखालून घालायचा.

सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्या सफरीवर इतरांनीही लिहिलं आहे. 'एकट्याने केलेला प्रवास' म्हणून तिचं कौतुक होतं आणि ते योग्यच आहे. फक्त एक गोष्ट कुणाला ठाऊक नाही. ती सफर दोघांची ठरली होती. दुसरा मी होतो.

१९९८ च्या दिवाळीच्या सुट्टीत निघायचं असं नक्की झालं होतं. सहा महिने आम्ही दर रविवारी शिरोड्यापर्यंत सायकली मारत होतो. निघायला आठ दिवस उरले असताना संस्थेचे तेव्हाचे अध्यक्ष कार्यालयात माझ्यादेखत म्हणाले, "हाफ पँटी घालून गावोगाव हिंडणारे मास्तर उद्या पर्यवेक्षक झाले तर शाळेची काय शोभा राहील?" पर्यवेक्षकाची जागा लवकरच रिकामी व्हायची होती. ज्येष्ठतेने पहिलं नाव सरांचं, दुसरं माझं. त्याच दिवशी मी मनातून माघार घेतली. ते सांगायचं धाडस मात्र झालं नाही. निघायच्या आदल्या दिवशी सरांकडे गेलो आणि म्हणालो, "आईक बरा नाय. ताप उतरत नाय."

सरांचा चेहरा उतरला. "मगे आपण फुडे ढकलूया. आई आधी."

मी गडबडलो. सफर पुढे गेली असती तर मला नवं कारण शोधावं लागलं असतं. "नको, नको. तुमी जावा. आईक बरा वाटला काय मी तुमका मालवणाक गाठतंय."

शाळेजवळच्या बिऱ्हाडी माझ्याकडेच राहणारी माझी आई त्या वेळी परसात सुपाऱ्या सोलत बसली होती.

सर दुसऱ्या दिवशी एकटे निघाले. पुढे काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं, आणि त्यातला मोठा तुकडा तर या वर्षीच. ग्रंथासाठी वहिनींनी सरांची त्या वेळची डायरी माझ्या स्वाधीन केली. मालवणच्या पानावर लिहिलं आहे, 'परब आले नाहीत. आईंना जास्त असेल का? उद्या थांबावे.' आणि दुसऱ्या दिवशी, 'दिवसभर जेटीवर होतो. आले नाहीत. उद्या उशीर भरून काढला पाहिजे.'

उशीर भरून काढण्यासाठी सर भर उन्हात निघाले. आचऱ्याची खाडी ओलांडून देवगडच्या वाटेवर एका सड्यावरून, उघड्या कातळमाळावरून, उतरताना सायकल सुट्या लाल खडीवर घसरली आणि ते उजव्या हातावर पडले. पुष्कळ वेळ तिथे कुणी फिरकलं नाही. मग मासे विकून परतणाऱ्या शेवंताबाईंनी त्यांना पाहिलं. आठवणी गोळा करायला मी यंदाच्या उन्हाळ्यात त्यांच्या घरी गेलो होतो. मी कोण हे त्यांना माहीत नव्हतं.

"हात उलटो पडललो, तरी माका बघून हसले," त्या म्हणाल्या. "मी इचारलंय, मास्तरानू, वांगडाक कोण नाय? तर म्हटल्यानी, आसा, मागसून येता हा. मी किती वेळ रस्त्याकडे बघीत बसलंय. कोण येवक नाय." मग त्यांनी मलाच विचारलं, "तो मागसून येवचो होतो तो खंय ऱ्हवलो, तुमका ठावक आसा?"

मी पाणी मागितलं.

शेवंताबाईंनी सरांना गावातल्या हाड बसवणाऱ्याकडे नेलं. शेवंताबाईंना जमलं तेवढं त्यांनी केलं. पण मोठ्या डॉक्टरांकडे चला, असा आग्रह धरायला सरांच्या जवळचं कुणी नव्हतं. घरी निरोप पोहोचून मालवणला डॉक्टरांना दाखवेपर्यंत आठवडा गेला. मनगट वाकडं जुळलं ते कायमचंच. खडू न उचलता किनारा काढणारा तो हात पुन्हा फळ्यावर चालला नाही.

परत आल्यावर सर सगळ्यात आधी माझ्या घरी आले. हात गळ्यात अडकवलेला. माझी आई ओटीवरच होती.

"आये, आता कसा आसा?"

"माका काय झाला? मी बरी आसंय. तुमच्या हाताक काय झाला?"

सरांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग आईला म्हणाले, "सायकलीवरसून पडलंय. काय नाय, तुमची आठवण झाली म्हणान सहज इलंय." आईने केलेला चहा त्यांनी डाव्या हाताने घेतला, तिच्याशी त्या वर्षीच्या सुपारीबद्दल बोलले आणि गेले. त्यानंतर या विषयावर त्यांनी अवाक्षर काढलं नाही. माझ्याशी नाही आणि इतर कुणाशीही नाही.

काही महिन्यांनी पर्यवेक्षकाची जागा निघाली. सरांनी आपण होऊन लेखी नकार दिला. मला वर्गच बरा, एवढंच त्यात लिहिलं होतं. ती जागा मला मिळाली. जिच्यासाठी मी खोटं बोललो, ती त्यांनी न मागता मला सोडली. अभिनंदनाला सर्वांत आधी तेच आले होते.

पुढच्या दिवाळीत सर पुन्हा निघाले. सायकलचे दोन्ही ब्रेक त्यांनी डाव्या मुठीकडे घेतले होते. जिथे पडले होते त्याच उतारावरून सुरुवात करून ते सतरा दिवसांत डहाणूला पोहोचले. या खेपेला त्यांनी मला विचारलं नाही. परतल्यावर शाळेत सत्कार झाला. पर्यवेक्षक म्हणून स्वागताचं भाषण मीच केलं. 'एकट्याने' हा शब्द मी त्यात कितीदा वापरला, देव जाणे. सर खाली मान घालून ऐकत होते. मुलांना वाटलं, सर संकोचले.

त्यानंतर दोन वर्षं घालवून ते डाव्या हाताने नकाशा काढायला शिकले. रेघ थरथरायची, खडू तुटायचा. मुलं हसली तर तेही हसत. पण आता प्रत्येक खाडीशी एक माणूस असे. हा होडी चालवणारा, ही शिंपल्या विकणारी, इथे मला जेवू घातलं. निवृत्त होईपर्यंत दर वर्षी ते एका वर्गाला होडीने पलीकडे नेत आणि 'पुस्तक मिटा' म्हणत.

बारा वर्षं मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो आणि माफी मागू शकलो नाही. हा लेख लिहून झाल्यावर मात्र छापायला देण्याआधी त्यांच्या घरी जाऊन त्यांना तो वाचून दाखवला. सरांनी सगळं ऐकून घेतलं. ठीक आहे, झालं गेलं, असं काही ते म्हणतील, या आशेवर मी होतो. ते म्हणाले, "उशीर केलंस परब. तेवाच सांगलं असतंस तर दुसऱ्या वर्सा तुका घेवन गेलो असतंय."

घरी येऊन त्यांचं हे वाक्य मी लेखात जोडलं.

केळुसकर सरांनी आता साठी ओलांडली आहे. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. त्यांच्या पायांतलं बळ आणि डोळ्यांतलं कुतूहल शंभरीपर्यंत असंच राहो. सोबत देतो म्हणणारी माणसं त्यांना यापुढे माझ्यापेक्षा चांगली मिळोत, हीच रवळनाथाचरणी प्रार्थना.