खंडेनवमीला बंद केलेला सर्व्हर

तळोज्याच्या केमिकल कारखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळायला लागले, तेव्हा तिथला सर्व्हर मुंबई ऑफिसने वापरून टाकलेला होता आणि मी साताऱ्याहून नवी कोरी आलेली. लॅबमधल्या प्रत्येक बॅचच्या चाचण्या मी स्वतः त्यात टाइप केल्या, जुनी रजिस्टरं समोर उघडून, दोन वर्षं. एवढ्या काळात तो एकदाही बंद झाला नाही. लाइट गेली तर बॅटरी होती, मागोमाग जनरेटर.

त्या वर्षी खंडेनवमीला गेटवरचे वॉचमनकाका हळदकुंकवाचं ताट घेऊन आले. ते नावडे गावचेच आणि कारखान्यात सर्वांत जुने, त्यामुळे वजनकाट्यापासून बॉयलरपर्यंत सगळ्यांची पूजा त्यांच्याच हातची. सर्व्हरचा पंखा घरघरत होता.

"पूजेचं हत्यार चालू ठेवायचं नाय, बाय," ते म्हणाले. "त्याला एक दिस इसावा दे."

मला ते इतकं पटलं की मी सर्व्हर बंद केला आणि वर झेंडूची माळ घातली.

दसऱ्याची सुट्टी संपवून आले, सर्व्हर सुरू केला, तर त्याने मुख्य पासवर्ड मागितला. रोजच्या कामाला ज्याचे त्याचे पासवर्ड होते. हा फक्त मशीन नव्याने सुरू करताना लागायचा. तो मीच ठेवला होता, रुजू झाले त्या आठवड्यात, आणि पासवर्ड कुठे लिहून ठेवायचा नसतो हे ज्ञान मला तेव्हा भरपूर होतं. आता एक अक्षर आठवेना.

मेन्टेनन्सवाला फोनवर म्हणाला, उद्या येऊन सगळं पुसतो आणि नव्याने भरून देतो. भरणार कुठून? बॅकअप घ्यायचं मशीन अजून मंजूरच झालं नव्हतं, आणि जुनी रजिस्टरं केव्हाच रद्दीत गेली होती. दोन वर्षांचं काम माझ्याच हाताने घालवलं होतं, आणि राग काढायला दुसरं कुणी नव्हतं.

बातमी फुटली आणि जो तो माझा पासवर्ड मला सांगायला आला. केमिस्टबाईंनी गणपतीची सगळी नावं सांगून पाहिली. स्टोअरवाल्यांना खात्री होती की मी होणाऱ्या नवऱ्याचं नाव ठेवलं असणार. त्या निमित्ताने ते नाव त्यांना कळलं असतं तर बरंच होतं. साहेबांनी गंभीरपणे कंपनीचं नाव सुचवलं. मी सगळं टाइप करून पाहिलं, कंपनीसुद्धा.

दुपारी काका आले. आपल्यामुळे हे झालं असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. दारातच उभे राहिले.

"बाय, तू नवीन व्हतीस तवा रोज दुपारी गेटवर येऊन इचारायचीस, साताऱ्याची एसटी कनच्या टायमाला हाय. मंग नळावर जाऊन तोंड धुवायचीस. मी बगायचो, पन बोललो नाय कदी."

मी कीबोर्ड पुढे ओढला. त्या आठवड्यात माझ्या डोक्यात एकच वाक्य असायचं. इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, मी ते टाइप केलं: मला घरी जायचंय.

सर्व्हर उघडला. सगळ्या बॅचेस जागच्या जागी होत्या.

"काय व्हता?" काकांनी विचारलं.

"जुनं गाऱ्हाणं होतं, काका."

साहेबांनी नवा पासवर्ड ठेवून तो पाकिटात बंद करून द्यायला सांगितलं. मी कीबोर्डपुढे बसले. नवं गाऱ्हाणं काही सुचेना. तेव्हा मला खूप बरं वाटलं, आणि थोडं चोरट्यासारखंही.

संध्याकाळी नावड्याच्या नाक्यावरच्या बूथवरून घरी फोन लावला. आई नेहमीसारखीच म्हणाली, "कंटाळली असशील तर ये गं निघून."

"दिवाळीत येते," मी म्हटलं. "चार दिवस."

"चारच?"

"चार पुरेत, आई."