दिसत आहे

बाबा वालूरच्या शाळेत मराठी शिकवायचे. "करायलीय न्हाई, करत आहे म्हण," असं म्हणून म्हणून त्यांनी माझं लहानपण पार सोलून काढलं. स्वतःला मात्र ताप आला, राग आला, की त्यांचीही जीभ मुकाट गावावर यायची. आई गेली तेव्हा तर ते चार दिवस एक शब्द शुद्ध बोलले नाहीत.

मी सेलूत लग्नाच्या शूटिंगा एडिट करायचे. पदवीनंतरच्या फिल्मच्या तीन वर्षांच्या कोर्सला नंबर लागला, पण जायचं कसं? घरात आम्ही दोघंच. बाबांना काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थेंब घालून टिकवायची, असं परभणीच्या डॉक्टरांनी बजावलेलं. थेंब मीच घालायचे.

बाबांनी दहावीच्या निबंधासारखे फायदे-तोटे काढले. फायद्याच्या बाजूनं ते, तोट्याच्या बाजूनं मी. एडिटिंग येतंच की, डिग्री काय चाटायचीय? नवरी रडली की सनई लावायची, याला एडिटिंग येणं म्हणत नाहीत, ते म्हणाले. बरं, शिकून इथं पिक्चर दाखवू कुणाला? मला, म्हणाले. शेवटी मी थेंबांचं काढलं.

"थेंब मी स्वतः घालीन. मला सगळं स्पष्ट दिसत आहे."

मी गेले. तिथं पहिल्याच आठवड्यात शिकवलं, सांगू नका, दाखवा. रोज फोनवर मी बाबांना विचारायचे, थेंब घातले का? घातले आहेत. दिसतंय ना? दिसत आहे. मास्तर फोनवरसुद्धा व्याकरण सोडत नाहीत म्हणून मला हसू यायचं. मी सुट्टीत घरी आले की बाबा पेपर उघडून बसलेले असायचे. घर पायाखालचं, कुठं अडखळायचे नाहीत.

शेवटच्या वर्षाची फिल्म मी पिंगळीच्या स्टेशनवर केली. एक बाई गाडीची वाट बघते, बस्स. दाखवायचं ना, म्हणून फिल्मभर कुणाला बोलूच दिलं नव्हतं, आवाजच ठेवला नव्हता. घरी आणून टीव्हीवर लावली. बाबा इस्त्रीचा सदरा घालून समोर बसले. थोड्या वेळानं म्हणाले, लाव की आता.

फिल्म सुरू होऊन लय वेळ झाला होता.

मी फिल्म थांबवली. त्यांनी मान खाली घातली.

"काईच दिसंना झालंय, बाई. थेंब गालावरच जायचे."

मी लय रडले. रागानं भांडलेसुद्धा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग चाचपत माझा हात धरला आणि म्हणाले, परत लाव, अन् सांग मला.

मी सांगायला लागले. स्टेशन हाय. बाकडं हाय. बाकड्यावर एक बाई हाय.

"काय करायलीय?" त्यांनी विचारलं.

"वाट बघायलीय."

त्यांनी सुधारलं नाही. सुधारावं म्हणून मी जरा वेळ थांबले होते.