सोलापूर बंदर

आज कारखान्यात नव्या मुलीच्या मागावर धागा तुटला. मी तो जोडला, आणि बोटांना लागलेल्या, सुताला लावायच्या खळीच्या आंबूस वासातून एकदम सुकटीचा आणि ओल्या दोरांचा वास आला.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. मिल बंद पडल्यापासून अब्बा चादरींचं गाठोडं घेऊन कोकणात विकायला फिरायचे. घरी आले तरी गप्पच असायचे. त्या खेपेला मी हट्टानं बरोबर गेले होते. उलट्या वाऱ्यामुळं एका छोट्या बंदरात एक गलबत थांबलं होतं आणि खलाशी वाळूत बसून शिडाचे तुटलेले दोर जोडत होते. चादर कुणी घेतली नाही. अब्बा मात्र त्यांच्या हातांकडं बघतच राहिले. मग गाठोडं खाली ठेवून त्यांनी दोराची दोन टोकं उचलली आणि मागावर मारायचे तीच गाठ मारली.

गलबताच्या म्हाताऱ्या तांडेलानं ती ओढून पाहिली, आपल्या गाठीशेजारी धरली. दोन्ही अगदी सारख्या.

"कुठल्या बंदरावरचे तुम्ही?"

"सोलापूरचा," अब्बा म्हणाले. "तितं समुद्र न्हाय की!" आणि कित्येक महिन्यांनी खळखळून हसले. खलाशांनी सरकून त्यांना जागा दिली.

तेव्हा मला वाटलं, अब्बांना समुद्र आवडला. आता कळतं, त्यांचे हात कुणीतरी ओळखले होते.

नवी मुलगी अजून मी जोडलेल्या धाग्याकडं बघत होती. मी विचारलं, "कुठल्या बंदराची गं तू?"

ती गोंधळली, मग हसली. "मैंदर्गीची. तितं कुटलं बंदर?"

"ये, अशी हितं उभी ऱ्हा," म्हणत मी सरकले.