न ढवळलेला पेला

शुभदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी धारगळला हायवेवर बसची वाट बघत होते. निघाले होते तिच्याकडेच, पिशवीत तिच्यासाठी आगळाची बाटली होती. रडू नंतर आलं, आधी राग आला. धाकट्या बहिणीने आधी जायचं, ही कुठली रीत?

लहानपणी पेडण्याच्या घरी सरबत करताना ती पाण्यात कोकमाचं आगळ सोडायची आणि चमचा लपवून ठेवायची. "ढवळू नको गो. बघीत रव, आपसूक पसरतलां." आम्ही तहानेने हैराण, आणि ही पेल्यातले लाल धागे न्याहाळत बसलेली... तेच वेड पुढे तिचं काम झालं. द्रवात रेणू कसे पसरतात, याचं गणित ती संगणकावर मांडायची. दाट द्रवात रेणू सावकाश सरकत नाही, जत्रेच्या गर्दीत अडकलेल्या माणसासारखा जागीच घुटमळतो आणि फट मिळाली की एकदम उडी घेतो, असं तिचं म्हणणं; पातळ द्रवातही तसंच होत असणार, हा तिचा अंदाज. पणजीतल्या तिच्या वरिष्ठांनी ते हसण्यावारी नेलं, हा नाद सोड म्हणाले. तिने नोकरी सोडली आणि नार्व्याला, सासरच्या घरी, खाटेशेजारी संगणक मांडला. आजारपणातही तो बंद केला नाही.

शेवटचं गणित चालू असतानाच ती गेली. त्याच खोलीत तिच्यासाठी दिवा लावला होता. बाराव्याच्या तयारीसाठी तिचा दीर टेबल हलवायला आला. "ताई, वैनी गेली, आता ह्यां मशीन कित्याक व्हयां?" माणूस भला, पण हात स्विचकडे गेला होता. मध्येच बंद केलं तर सगळं पहिल्यापासून, एवढं मला ठाऊक होतं. आणि पहिल्यापासून करणारी उरली नव्हती. मी खुर्ची ओढून स्विचपुढे बसले.

"दिवो इझवतंस? नाय मां? मग ह्यांव चालू रवांदे."

भटजी आले, पाहुणे आले, कुजबुज झाली. मी जेवले ते त्याच खुर्चीत.

परवा ते गणित पुरं झालं. तिचा जुना सहकारी आकडे घेऊन गेला आणि त्याने फोन केला. पातळ द्रवाबाबत तिचा अंदाज चुकला, दाट द्रवात मात्र उडी दिसते म्हणाला. तिला अर्धं बरोबर कधीच पुरलं नसतं... मला पुरतं. हसणाऱ्यांनी आता ते तपासत बसावं.

संगणक बंद आहे. बाटली मी नार्व्यालाच ठेवली आहे. काल पाण्यात आगळ सोडलं, तर दिराने चमचा मागितला. दिला नाही.

"बघीत रव," म्हटलं.