नऊ माणसांची तार

कोरीट गावच्या सरलाबाईंच्या अंगणात कपडे वाळत घालायची तार आहे, ती नऊ माणसांच्या घराला पुरावी एवढी लांब. आता तिच्यावर एक लुगडं, एक परकर, एक पोलकं आणि टॉवेल एवढंच वाळतं. सासू-सासरे गेले, नवरा गेला, मुली नांदायला गेल्या आणि मुलगा हेमकांत बायकोपोरांसह सुरतेला राहिला.

हेमकांत आधी रोज फोन करायचा. मग त्याला शक्कल सुचली. शेजारच्या प्रतिभाला त्यानं सांगून ठेवलं, सकाळी गच्चीवरून आईच्या तारेकडे नजर टाकत जा. कपडे दिसले म्हणजे आई ठीक, नाही दिसले तर मला कळव. तेव्हापासून त्याचा फोन फक्त रविवारवर आला. पोरगं आईची खुशाली लुगड्याला विचारतं, याचा सरलाबाईंना मनस्वी राग होता. पण बोलणार कुणाशी?

एका सोमवारी त्यांनी धुणं पिळलं आणि घरातच दारांवर टाकलं. बघू तरी, कुणाच्या जिवाला किती घोर लागतो ते. मग फोन मांडीवर घेऊन ओसरीवर बसल्या. नऊ वाजले, दहा वाजले. अकराला स्वतःचीच लाज वाटू लागली, तरी उठून कपडे बाहेर टाकवेनात. आपण खरंच आत मरून पडलो असतो तर, असं मनात आलं आणि त्यांना रडूच फुटलं.

साडेअकराला फाटक वाजलं. प्रतिभा लगबगीनं आत आली. सरलाबाईंनी घाईनं डोळे पुसले. प्रतिभाच्या कमरेवर ओल्या कपड्यांची बादली होती. तिची नणंद बाळंतपणाला आलेली, बाळाच्या दुपट्यांनी गच्ची भरून गेली होती.

"काकू, तुमनी तार मोकळी दिसनी. मन्हा कपडा टाकू का?"

बादली लाथेनं उपडी करावी असं सरलाबाईंना वाटलं. तोंडातून मात्र 'टाक ना' एवढंच निघालं. प्रतिभा दुपटी झटकत राहिली, बाळाचं नि सासूच्या कटकटीचं सांगत राहिली. जाताना चहाही प्यायली. हेमकांतचा फोन आला नाही. प्रतिभा तरी त्याला काय कळवणार? तार तर भरलेली होती.

मंगळवारी सरलाबाईंनी धुणं पुन्हा आतच टाकलं. या खेपेला कुणाची परीक्षा बघायची नव्हती. अकरालाच त्यांनी दोन कप धुऊन ठेवले. प्रतिभा आली आणि मोकळी तार बघून थबकली.

"काकू, आज तुमनं धुनं नही का? बरं शे ना?"

काल ज्या एका प्रश्नासाठी त्या सकाळभर बसल्या होत्या, तो असा आयता आला. पण खरं सांगितलं, तर प्रतिभा ओशाळेल, बादली उचलून घरी नेईल आणि तार त्यांची त्यांना मोकळी करून देईल.

"मन्हं सकायमाच वाळी गयं," सरलाबाई म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या. काल दारावर टाकलेलं अंगातलं पोलकं अजून दमटच होतं.