न विचारता फिरलेला बाण

आईनं तिचं नाव संशयपिशाच्च ठेवलं होतं, आणि उगाच नाही. साखर दिली तरी पोरगी आधी जिभेला लावून बघणार, मीठ तर नाही ना! अशा बाईला एका कंपनीत, संगणक बिघडले की दुरुस्त करायची नोकरी लागली. फोन घ्यायचा, समोरच्याचं रडगाणं ऐकायचं आणि जागेवर बसूनच त्याच्या संगणकाचा ताबा घ्यायचा.

पण वरच्या मजल्यावरचे हिशेबनीस काका हात धुऊन मागे लागले. रोज जेवणानंतर त्यांचा फोन, "बाई, नेट गेलं." ही धापा टाकत वर पोचेपर्यंत नेट हजर! साहेबांनी शेवटी दम भरला, "ही तक्रार थांबली नाही, तर कायम व्हायचं विसरा." घर तिच्याच पगारावर चालायचं. 

झालं, पिशाच्च जागं झालं. हे नक्की शेजारच्या चष्मेवाल्याचं काम! मेहुण्याला चिकटवायचं असेल इथं. नाहीतर गालातल्या गालात हसतो कशाला? तो चहाला उठला की ही त्याचं टेबल न्याहाळायची. काहीच सापडेना, तसा तिचा संशय पक्का झाला. एवढं सफाईदार काम म्हणजे गडी मुरलेलाच असणार!

एके दिवशी ती जेवणाच्या सुट्टीतच गुपचूप वर जाऊन दाराआड उभी राहिली. काकांनी इकडेतिकडे पाहिलं, वाकून संगणकाची नेटची वायर उपटली आणि मग डबा उघडला. जेवण झाल्यावर वायर परत खुपसली, तीही अर्धवट. फोन लावता लावता त्यांचा पाय लागला, तशी ती नीट आत बसली.

"काका, हे काय चाललंय?"

काका आधी चपापले, मग भडकलेच. "तुम्ही खालून बघता ना! पहिल्या दिवशी पडद्यावरचा माझा बाण आपोआप फिरायला लागला. मी हातसुद्धा लावला नव्हता! माणसानं घास तरी कसा गिळायचा?"

तिला आठवलं. चटपटीतपणा दाखवायला तिनं काकांना फोन न करताच, खालूनच त्यांच्या संगणकाचा ताबा घेऊन प्रिंटर दुरुस्त केला होता. कप्पाळ! लाजेनं तिला तोंड वर करवेना. तिनं काकांची माफी मागितली आणि साहेबांना जाऊन सांगितलं, "चूक माझी. मी न विचारता आत शिरले होते."

"उद्या त्यांचा फोन आला, तर परवा येऊ नका," साहेब म्हणाले.

खाली येऊन तिनं चष्मेवाल्याला स्वतःहून चहा आणून दिला. तो बिचारा कपाकडे संशयानं बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं वर फोन लावला. "काका, प्रिंटर तपासायचाय. आत येऊ का?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "या."

काम उरकून ती म्हणाली, "निघाले, काका."

"खरंच गेलात?"

"खरंच."

दुपारी तिला डबा उघडवेना. जेवणाची सुट्टी संपली आणि फोन वाजला. काकांचाच. साहेबांनी मान वर केली. तिनं फोन उचलला.

"बाई, नेट चालू आहे. वायर काढली नाही मी. म्हटलं, तुम्ही काळजीत असाल."

"काय म्हणतायत?" साहेबांनी विचारलं.

तिनं फोन ठेवून डबा पुढं ओढला. "जेवण झालं म्हणतायत."